दोन पौंड जवारी

मंगळवारी दुपारी इमामभाई नालबंद वारले. मी शाळेत होतो. शिपायाने चिठ्ठी आणून दिली. मी ती वाचली, वर्ग सोडला आणि घरी आलो. समोरच्या दुकानाला फळ्या लागल्या होत्या.

त्या दुकानासमोर मी चौदा वर्षे राहिलो. नांदुऱ्यात स्टेशनाकडून बाजारात जाणारा रस्ता जिथे वळतो, आणि कापसाच्या गाड्या जिथे हमखास एकमेकींत अडकतात, त्या कोपऱ्यावर ते आहे. पुढे ओटा, आत एक खोली, मागे घर आणि अंगण. पाटी कधीच नव्हती. चौकटीवर घोड्याची एक नाल ठोकलेली होती. ती इमामभाईंच्या वडिलांनी ठोकली होती. वडील खरोखरीचे नालबंद. टांगेवाल्यांची, देशमुखांची, दौऱ्यावर आलेल्या साहेबांची घोडी त्यांच्या ओट्याशी उभी राहत. इमामभाई बंदुका दुरुस्त करत.

बंदुकीचा चाप, त्यामागचा खटका आणि शेवटी खाडकन पडणारी ती लहानशी हातोडी, या सगळ्या कारभाराला आमच्याकडे मिळून घोडाच म्हणतात. म्हणून इमामभाई म्हणायचे, "धंदा कुठं बदलला, मास्तर? बाप घोड्याचंच करे, मीबी घोड्याचंच करतो. त्याचा घोडा कडबा खाये, माहा तेल पेते. एवढाच फरक."

आणखी एक फरक ते स्वतःच अंगठा पुढे करून दाखवत. "बापाले घोड्यानं मांडीवर लाथ मारली. मले नखावर मारते."

त्यांच्या डाव्या अंगठ्याचे नख बाराही महिने काळेनिळे असे. ते असे का, हे मला पहिले वर्षभर कळले नाही. आत काडतूस नसताना घोडा पडू दिला, की काही हत्यारांचा आतला भाग दुखावतो. दुरुस्त करताना तर तो शंभर वेळा पाडून पाहावा लागतो. तेव्हा पडणाऱ्या हातोडीखाली इमामभाई स्वतःचा अंगठा धरत. मी एकदा म्हणालो, "तिथे कातड्याचा तुकडा धरावा." त्यांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली, शिंक येईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "धरला असता. पन कातड्याले इचारलं कसा पडला, तर ते सांगते काय?"

ते उन्हाने काम करत. दिवा लावून बंदूक उघडणे त्यांना पसंत नव्हते. सकाळी ऊन खोलीत खोलवर शिरायचे, तेव्हा ते मागच्या भिंतीला टेकून बसलेले असत. जसे ऊन मागे सरे तसे ते आपला पाट घेऊन पुढे सरकत. दहाच्या सुमारास उंबऱ्याशी, मग ओट्यावर, आणि दुपार कलली की मागच्या अंगणात. इमामभाई उंबऱ्याशी आले की मी शाळेला निघत असे. आभाळ आले की गल्लीतल्या दोन-तीन घरांची वेळ चुकायची.

मी त्यांच्या उपयोगाचा माणूस होतो तो वाचण्यापुरता. त्यांना उर्दू येत असे, बाळबोध अक्षर जेमतेम, इंग्रजी नाही. कुणीही हत्यार घेऊन आला की ते ओट्यावरून हाक मारत, "मास्तर, परवाना वाचा बरं." माणूस वीस वर्षांच्या ओळखीचा असो, परवाना मोठ्याने वाचल्याशिवाय ते हत्याराला हात लावत नसत.

वडनेर भोलजीचे तात्यासाहेब देशमुख आपले पिस्तूल घेऊन आले तेव्हाही हेच झाले. उन्हाळा संपत आला होता. तात्यासाहेब पन्नाशीचे, मोठ्या आवाजाचे, मोठ्या शेतीचे गृहस्थ. सरकी काढण्याच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे एक पेर गेलेले होते. ते ओट्यावर उभे राहूनच ओरडले, "इमामभाई, मले ओळखत नाई काय तुमी? माह्या बापाच्या घोड्याले तुमच्या बापानं नाला ठोकल्या!"

"तुमाले ओळखतो ना, तात्यासाहेब. पिस्तुलाले नाई ओळखत. त्याची ओळख कागदावर राह्यते. वाचा, मास्तर."

मी वाचला. मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा शिक्का, नाव, गाव, हत्याराचे वर्णन. मग तात्यासाहेबांनी लाकडी पेटी उघडली. आत लांब नळीचे, बावीस बोराचे, विलायतेहून मागवलेले पिस्तूल होते. शिकारीचे नव्हे, निशाणावर नेम धरण्याचे. त्यात एका वेळी एकच काडतूस बसे आणि त्या काडतुसाला टोला मधोमध नव्हे, कडेवर बसे.

बुलढाण्याला दर हिवाळ्यात साहेबलोकांची आणि जमीनदारांची नेमबाजी होत असे. तात्यासाहेब तीन वर्षे जात होते आणि तिन्ही वर्षे शेवटचे आले होते. अर्धी तर्जनी निकामी, म्हणून ते मधल्या बोटाने चाप ओढत. "मी दाबतो," ते म्हणाले, "दाबतो, दाबतो, आन् हे कवा सुटते तेच समजत नाई. सुटते तवा माहा हात हलून गेलेला राह्यते. हलका करून द्या. पन एक कायदा हाये तिथला. दोन पौंडाचं वजन चापाले टांगून पाह्यतात. घोडा पडला तर आपलं नाव काटतात."

इमामभाईंनी पिस्तूल रिकामे आहे हे तीनदा पाहिले. मग डोळे मिटले, अंगठा घातला आणि चाप ओढू लागले. इतके हळू, की मला वाटले त्यांना झोप लागली. शेवटी घोडा नखावर पडला. डोळे न उघडताच ते म्हणाले, "हा सरकारी कारकून हाये."

"कोन?"

"हा घोडा. 'होते, होते' म्हनते. जरा सरकते, थांबते. अजून सरकते, थांबते. आन् आपुन कटाळून उठलो, की मंग होते."

तात्यासाहेब एवढे हसले की रस्त्यावरचा बैल बुजला.

पिस्तुलाबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यात हाच दोष सांगितलेला होता. शब्द होता 'क्रीप'. मी घरून शब्दकोश आणला आणि सांगितले, "रांगणे." इमामभाईंनी विचार केला. "रांगते ते लेकरू, मास्तर. लेकरू कुठं तरी पोहचते. हे रांगत नाई, हे खरडते." तेव्हापासून मी माझ्या शब्दकोशात त्या शब्दापुढे बारीक पेन्सिलीने 'खरडणे' असे लिहून ठेवले आहे.

त्यांचे म्हणणे असे, की वजन हा दोष नाही, खरड हा दोष आहे. "जड असलं तर मानूस सवय करते. खरडत असलं तर सवय होत नाई." तात्यासाहेबांना हे पटले नाही. त्यांना हलकेच हवे होते. "दोन पौंडाच्या काठावर आनून ठेवा," ते बजावून गेले. "एक दाना कमी नाई, एक दाना जास्ती नाई."

'दाणा' हा शब्द इमामभाईंनी मनावर घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टेशनावर नेले. हातात शिवलेली एक खादीची पिशवी, तिला वर फासा, आणि आत जवारी. पार्सलच्या काट्यावर बाबूंनी हसत हसत ती तोलून दिली. इमामभाई एकेक दाणा काढत होते, घालत होते. शेवटी बरोबर दोन पौंड. आपल्या शेराला जरासे कमी. पिशवीचे तोंड त्यांनी तिथेच शिवून टाकले.

"अहो, लोखंडाचे वजन मिळाले असते," मी परत येताना म्हणालो.

ते रस्त्यातच उभे राहिले. "बाजारातलं? त्याले खालून किती जनांनी घासलं, कोनाले मालूम? लोखंड बेइमान होऊ शकते, मास्तर. जवारीच्या दान्याले कोनी कानस लावत नाई."

पिशवी दुकानात खुंटीला टांगली गेली. पाऊस सुरू झाला.

मृगापासून दिवाळीपर्यंत इमामभाईंनी त्या घोड्याचे काम केले. सलग नाही; ऊन असेल तेव्हा. पोलादाचे दोन इवलेसे तुकडे एकमेकांवर जिथे टेकतात तिथे ते दगडाने दोन-तीन वेळा पुसल्यासारखे करत, तेलाने धूत, जोडत, अंगठा घालत, डोळे मिटत, आणि पुन्हा उघडत. काढलेला कीस पांढऱ्या कागदावर दिसतसुद्धा नसे. "काऊन एवढं थोडं थोडं?" त्यांच्या पत्नी हाजराबी विचारत. "काढलेलं परत चिकटवता येत असतं, तर मी भराभर काढलं असतं," ते म्हणत.

हाजराबींचे स्वतःचे एक गाऱ्हाणे होते. "मास्तरभाऊ, तुमी तरी सांगा यायले. मी रोज झाडतो, आन् रोज त्या खुंटीखाली पिठासारखा भुगा पडते. आढ्याले कीड लागली असंन."

"छत पाहून घेईन," इमामभाई म्हणाले. त्यांनी वर पाहिले, मीही वर पाहिले. आढे ठणठणीत होते. वर पाहायचे सोडून आम्ही दोघांनी पिशवीकडे पाहायला हवे होते. पण ते आत्ता सुचते.

मधेच पोस्टकार्डाचा प्रकार झाला. तात्यासाहेब लेकीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला गेले होते, पण ते आम्हाला ठाऊक नव्हते. पिस्तुलाची खबर वडनेरला कळवायची होती. "पन कार्डावर पिस्तूल लिहू नका," इमामभाई म्हणाले. "कार्ड सारं गाव वाचते." म्हणून त्यांनी सांगितले तसे मी माझ्या शाळेतल्या मराठीत लिहिले: घोडा उघडून पाहिला. बाहेरून ठीक दिसतो, दोष पोटात आहे. आतून खरडतो. उपाय सुरू आहे, दोन महिने लागतील. तोवर दम धरावा.

हे कार्ड देशमुखांचे कारभारी रामभाऊ यांच्या हाती पडले. नालबंदाकडून आलेले, घोड्याबद्दलचे. आपण मलकापूरला गेलो असताना इमामभाई येऊन तबेला पाहून गेले, असा त्यांनी अर्थ लावला. तबेल्यात एकच जनावर होते, आणि ती घोडी होती. रामभाऊंनी त्याचाही उलगडा केला: मास्तरच्या हातून वेलांटीच्या जागी काना पडला. त्या दिवसापासून घोडीवर खोगीर चढले नाही. तिला सकाळ-संध्याकाळ ओव्याचा काढा सुरू झाला.

सव्वा महिन्याने तात्यासाहेब गाडीतून उतरले, तर स्टेशनाबाहेर घोडीऐवजी बैलगाडी.

"घोडी कुठं हाये बे?"

"मालक, तिच्या पोटात खरडून राह्यलं," रामभाऊ म्हणाले. "इमामभाईचं कार्ड आलं ना. पन आता बरी हाये. जाडी झाली."

बैलगाडी वडनेरला जाण्याआधी सरळ आमच्या गल्लीत आली. तात्यासाहेबांना हसू आवरत नव्हते आणि रामभाऊ बिचारे मान खाली घालून बसले होते. इमामभाईंनी त्यांना ओट्यावर बोलावून चहा दिला आणि गंभीरपणे विचारले, "काढ्यानं खरड गेली काय? मले सांगा. मी सहा हप्त्यांपासून दगड घासून राह्यलो."

या हसण्याला आठ दिवस झाले असतील-नसतील, तोच बुलढाण्याहून लिफाफा आला. हत्यारे दुरुस्त करण्याचा इमामभाईंचा परवाना दरसाल नवा करून घ्यावा लागे. या वर्षी साहेब नवा होता. त्याने अर्जावर नाव वाचले, शेख इमाम नालबंद, आणि कुणाला तरी नालबंदचा अर्थ विचारला. कागदावर शेरा आला, की घोड्यांना नाला मारणाऱ्या इसमाला बंदुकांचा परवाना कसा देता येईल? अर्जदाराने हिवाळ्यातल्या नेमबाजीला समक्ष हजर राहावे आणि आपण केलेले काम दाखवावे. तोवर जुना परवाना चालू राहील.

मी मराठीत सांगितले. इमामभाईंनी तपकीर घेतली नाही, चेष्टा केली नाही.

"अर्ज पुन्हा लिहू," मी म्हणालो. "नुसते शेख इमाम लिहू. नालबंद गाळू."

"बापाचं नाव काऊन गाळू?" ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "घोडे कमी झाले, मास्तर. मोटारी आल्या. हाबी घोडा गेला, तर मी नाल कोनाले ठोकू?"

परवान्याचा निकाल आता तात्यासाहेबांच्या पिस्तुलावर होता. दाखवण्यासारखे ताजे काम तेवढेच. दिवाळीत ते पुरे झाले. जुळणी करून इमामभाईंनी पिस्तूल नळी वर करून धरले, चापाला पिशवी टांगली. घोडा तसाच उभा. मग पिशवीच्या फाशात त्यांनी चिमटीने चार दाणे अडकवले, आणखी चार. घोडा पडला. "काठावर," ते म्हणाले. मग त्यांनी मला चाप ओढायला दिला. अंगठा अर्थात त्यांचा. मी आयुष्यात कधी हत्यार हाती धरले नव्हते. बोट टेकवले, दाब दिला, काहीच हलले नाही, आणि मग एकदम झाले. मधले काही नव्हतेच. इमामभाई माझ्या तोंडाकडे पाहत होते. "आता इचारलं की उत्तर देते," ते म्हणाले.

पौषात आम्ही निघालो. मलकापूरपर्यंत रेल्वे, पुढे घाट चढणारी सर्व्हिस मोटार. तात्यासाहेबांच्या मांडीवर पिस्तुलाची पेटी, इमामभाईंच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली पिशवी. मोटारीत धामणगाव बढ्याचा एक व्यापारी होता. त्याने पिशवी चाचपली. "जवारी? बुलढाण्याले जवारी मिळत नाई काय, चाचा?"

"अशी नाई मिळत," इमामभाई म्हणाले.

बुलढाण्याला थंडी होती. मैदानाच्या कडेला तंबू, तंबूपुढे टेबल, टेबलावर इमामभाईंचा अर्ज आणि पितळेचे एक चकचकीत वजन. साहेब तरुण, गोरा, लालबुंद नाकाचा. दुभाष्या म्हणून मी. तात्यासाहेबांनी पिस्तूल दिले. साहेबाने नळी वर केली, घोडा चढवला, आणि वजन चापाला लावले.

घोडा पडला.

आवाज एवढासा होता. पण इमामभाईंचा अंगठा त्या वेळी तिथे नव्हता, आणि त्यांनी तो नसलेला अंगठा मुठीत दाबल्याचे मी पाहिले. साहेबाने अर्ज पुढे ओढला.

"मास्तर, सायबाले म्हना, वजन चुकीचं हाये," इमामभाई म्हणाले.

"इमामभाई—"

"म्हना!"

मी म्हटले. जमेल तितक्या नम्रपणे. साहेबाच्या भुवया वर गेल्या. इमामभाईंनी शाल सोडली आणि पिशवी टेबलावर ठेवली. "हे दोन पौंड हाये. स्टेशनावरचं."

साहेब पिशवीकडे बघत राहिला. तात्यासाहेबांनी आपली वेताची छडी काढली, मधोमध बोटावर तोलली, एका टोकाला पितळेचे वजन अडकवले, दुसऱ्याला पिशवी. पितळ खाली गेले. पिशवी डौलात वर आली आणि तिथेच डुलत राहिली.

इमामभाईंनी खिशातून चाकू काढला आणि पिशवीची शिवण उसवली. टेबलावर आधी पीठ पडले. मग पोकळ, भोके पडलेले दाणे. आणि त्यांतून उन्हात आलेले सोंडे, धान्यातले ते काळे बारीक किडे, चहूकडे चालू लागले. पावसाळाभर ते आत बसून वजन खात होते आणि भुगा खादीतून खाली सोडत होते. हाजराबी रोज तो झाडत होत्या. एक सोंडा अर्जावर चढला आणि ओळीने चालत चालत नालबंद या शब्दावर जाऊन थांबला.

तात्यासाहेबांनी पहिल्यांदा फुसकन आवाज केला. मग साहेबाने. मग सगळेच हसले. इमामभाई हसले नाहीत. ते दाण्यांकडे पाहत होते. "सायबाले सांगा," ते म्हणाले, "घोडा इमानदार हाये. जवारी बेइमान निघाली. मी तिच्यावर भरोसा ठेवला, ते चूक माही. मले घडीभर वेळ द्या."

बंदुकांची नेमबाजी आधी होती. ती संपेपर्यंत साहेबाने वेळ दिला.

इमामभाईंनी आधी ऊन शोधले. तंबूच्या मागे ते सापडले. तिथे मांडी घालून त्यांनी पिस्तूल उघडले. खिशात एक पेचकस आणि एक बारीक कानस होती. त्यांनी तपकिरीची डबी रिकामी केली, झाकणाच्या कोपऱ्यातून नखाएवढा पत्रा कापला, घासला, चाप जरा जड व्हावा म्हणून स्प्रिंगखाली ठेवला. अंगठा घातला. डोळे मिटले. पुन्हा उघडले, पत्रा जरा घासला. पलीकडे बंदुका धडधडत होत्या आणि हा माणूस डोळे मिटून एका इवल्या घोड्याचे पडणे ऐकत होता. तात्यासाहेब येरझारा घालत होते. "जड झाला ना आता?" त्यांनी विचारले.

"झाला. पन खरडत नाई."

साहेबाने वजन टांगले. घोडा उभा राहिला. दुसऱ्यांदा टांगले, तिसऱ्यांदा. मग त्याला कुतूहल वाटले असावे. त्याने वजन काढले, पिस्तूल निशाणाकडे धरले आणि चापावर बोट ठेवले. आत काडतूस नव्हते.

"नको, नको, सायेब!" म्हणत इमामभाई पुढे धावले आणि त्यांनी हातोडीखाली आपला अंगठा सारला. घोडा त्यावर पडला.

साहेब दचकला. "हा काय करतो आहे?" त्याने मला विचारले.

"खाली मारू नये," इमामभाई म्हणाले. "याचं काडतूस कडेवर उडते. रिकामा मारला, की नळीच्या कडेले खड्डा पडते. सकाळी एक डाव पडलाच." मी सांगितले. साहेबाने त्यांचा हात धरून अंगठा उलटसुलट पाहिला. नखावर नवा काळा डाग उमटत होता, त्याखाली जुने होते.

"किती वर्षांचे आहे हे?"

"दाढी आली तवापासूनचं," इमामभाई म्हणाले.

साहेबाने पुन्हा चाप ओढला. आता अंगठा तिथे आहे हे धरून, सावकाश. त्याच्या चेहऱ्यावर तेच आले जे माझ्या चेहऱ्यावर आले असावे. त्याने अर्जावरचा सोंडा फुंकरीने उडवला आणि सही केली. सही करताना मला म्हणाला, की यांचे आडनाव तसेच राहू द्या.

तात्यासाहेब दुसरे आले. मधल्या बोटाने. पहिला आला तो साहेबच. वडनेरला त्यांनी सगळ्यांना सांगितले, की पहिले येणे बरे दिसले नसते. परतीच्या मोटारीत मात्र खालच्या आवाजात म्हणाले, "इमामभाई, जड हाये बे. पयल्याएवढाच जड हाये. मंग हात काऊन नाई हालला?"

"म्याच तं पयल्या दिवशी सांगतलं होतं," इमामभाई म्हणाले आणि डबी काढली. झाकणाला कोपरा नव्हता. तपकीर तर तंबूमागेच राहिली होती.

घरी हाजराबींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हंजे छताचा काही कसूर नोयता." त्यानंतर पिशवीत नदीची रेती आली, धुऊन, वाळवून, स्टेशनावर तोलून. तरीही दर पावसाळ्यानंतर इमामभाई तिला काट्यावर नेत. "रेतीले कीड लागत नाही," बाबू म्हणत. "मलेबी तसंच वाटे जवारीचं," ते उत्तर देत.

शेवटच्या वर्षी त्यांचे डोळे गेले. परवाना नवा केला नाही. साहेब कुणीही असता तरी त्यांनी स्वतःच केला नसता. दुकान जावयाकडे गेले, पण बसण्याची जागा त्यांनी सोडली नाही. ऊन कुठे आहे ते त्यांना अंगावर कळे. गेल्या शुक्रवारी मी शाळेला निघालो तेव्हा ते उंबऱ्याशी होते. पाट त्यांनी स्वतःच सरकवला असावा. माझी चाहूल लागताच त्यांनी हाक मारली.

"मास्तर, दहा वाजले ना?"

"वाजले."

त्यांनी बाजूची पिशवी चाचपली आणि माझ्या हातात दिली. "पाहा बरं. बरोबर हाये काय?"

मला तेवढे कुठले कळायला. मी ती हातात तोलली आणि म्हणालो, "बरोबर आहे."

"मंग तुमच्याजवळ राहू द्या," ते म्हणाले. "जावई सायकलीचं करते. त्याले कायले पाह्यजे?" आणि डाव्या अंगठ्याच्या नखावरून त्यांनी उजवे बोट फिरवले. नख पांढरे झाले होते. वर्षभर त्यावर काही पडले नव्हते.

दुकानात आता सायकली दुरुस्त होतात. नाल चौकटीवर आहे. पिशवी माझ्या खोलीत खुंटीला आहे. आज सकाळी मी ती स्टेशनावर तोलून आणली. दोन पौंड.